हौसाबाईचं आवतण

मी आणि माझी बायको हौसा, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते हुलगे निवडायचं. संध्याकाळची वेळ होती. ती ताट मांडीवर घेऊन बसली होती, मी समोर. ती चांगले हुलगे डब्यात टाकत होती, मी खडे काढत होतो. मला चष्म्यातूनही धड दिसत नाही, त्यामुळं खड्याबरोबर चार हुलगेही जायचे आणि ती ते मुकाट्यानं परत वेचून घ्यायची.

"उद्या मालकाला जेवाय बोलावलंय," ती म्हणाली.

माझा हात थांबला. "का? काय बंद पडलं?"

"निवडा नीट. खडा राह्यला तर त्येचा दात जाईल."

"अगं पण लिफ्ट चालू हाय. पाणी येतंय. जिन्यात दिवा हाय. मग कशाला?"

"येऊ द्या की वर," ती म्हणाली आणि डब्याला झाकण लावलं. हुलगे सकाळी दळून आणायचे ठरले.

सकाळी मी हाक मारली, ती उठली नाही. हात लावला तर हात गार. डॉक्टर येऊन बघून गेला, म्हणाला, झोपेतच गेल्या. मालक जेवायला यायचा होता, तो खांदा द्यायला आला.

आता तुम्ही म्हणाल, घरमालकाला जेवायला बोलवायचं आणि काहीतरी बंद पडायचं, याचा संबंध काय? संबंध आहे. तो सांगायलाच बसलोय. माझं शिक्षण चौथी, जन्म गेला ट्रॅक्टरवर. तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला. पोरगा बारामतीला एमआयडीसीत लागला म्हणून आम्ही त्याच्याबरोबर इथं भाड्यानं आलो, तिसऱ्या मजल्यावर. पुढं त्याची बदली चाकणला झाली. तो गेला, आम्ही राहिलो. हौसा म्हणाली, सारखी बिऱ्हाडं काय हलवायची.

आलो तेव्हा बिल्डिंगचा थाट बघण्यासारखा होता. लिफ्ट. दोन टाइम पाणी. प्रत्येक मजल्यावर दिवा. जिना झाडायला बाई. खाली खुर्ची टाकून वॉचमन. मालक भानुदास स्वतः तळमजल्यावर राहतो, तो आल्यागेल्याला सांगायचा, "आपल्याकडं सगळ्या सोयी." सगळ्या खोल्या भरल्या आणि सोयी एकेक करून गायब व्हायला लागल्या. आधी वॉचमन गेला, खुर्ची राहिली. मग खुर्ची गेली. मग लिफ्टला कागद चिकटला, 'बंद आहे'. भाडं मात्र कुठं गेलं नाही.

लोकांनी तक्रारी केल्या. पहिल्या मजल्यावर कॉलेजातले एक सर राहतात, ते मोबाइलच्या ग्रुपवर लांबच्या लांब लिहायचे. शेवटी 'आपला विश्वासू' असायचं. एक दिवस मालक ग्रुपमधनं बाहेर पडला, तरी सरांचं लिहिणं चालूच. दुसऱ्या मजल्यावरची सुनंदा पतपेढीत कामाला आहे, ती येताजाता गोड बोलून सांगायची. मालक गोड बोलून हो म्हणायचा. माझी पद्धत वेगळी. मी खाली जाऊन दारात उभा राहून शिव्या घालायचो. मालक आतून कडी लावून टीव्हीचा आवाज वाढवायचा.

हौसा या कशातच नसायची. लिफ्ट बंद पडली तेव्हा मी खालून ओरडून आलो, गुडघे धरून बसलो, तर ही म्हणाली, "उद्या मालकाला आवतण देते."

"कशाला? गुडघे मोडलं म्हणून पेढे वाटायचेत का?"

"येऊ द्या की वर."

ती स्वतः जिन्यानं खाली गेली आणि जेवणाचं आवतण देऊन आली. घरी चालून दिलेलं आवतण, वरनं बाई माणूस वयानं मोठी. मालकाला नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी तो आला, जिना चढून, घामानं निथळत. भानुदास अंगानं चांगला भरलेला आहे. हौसानं पुरणपोळ्या केल्या होत्या. कटाची आमटी, कुरडया, भजी. तो नको म्हणायचा आणि ती पोळीवर तुपाची धार धरायची. "घ्या की भाऊ. एकच. तुमचं वय हाय का नको म्हणायचं?" पोट टम्म झाल्यावर तो उठला, दारातनं जिन्याकडं बघितलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागला. मधे दोनदा बसला. सुनंदानं त्याला दुसऱ्या मजल्यावर लिंबूसरबत दिलं.

ती लिफ्टबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि लिफ्ट सुरू झाली.

मला वाटलं, योगायोग असेल. मग दोन टाइमचं पाणी एक टाइम झालं, आणि तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत तेही संपायला लागलं. हिनं पुन्हा आवतण दिलं. या खेपेला झुणका, बाजरीची कडक भाकरी आणि ठेचा. ठेचा असा की मिरची नुसती बघून डोळ्यात पाणी यावं. दोन घास गेले आणि मालक तांब्या शोधायला लागला. तांब्या होता, पण रिकामा. हौसा कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, पाणीच न्हाय. अवो, सुनंदाकडनं कळशी आणता का?" मी कळशी घेऊन खाली गेलो. सुनंदाकडंही नव्हतं. पार तळमजल्यावर मालकाच्याच नळाला भरून घेतली आणि वर आलो. लिफ्टनं आलो, पण सावकाश आलो. मालकाचे कान लाल झाले होते, नाक गळत होतं, आणि ही पुढं बसून पदरानं त्याला वारा घालत होती.

मोटर दोन टाइम लागायला लागली.

जिना झाडायची बाई बंद केली तेव्हा हिनं कुळाचाराचं जेवण काढलं आणि निरोप धाडला, "देवाचं हाय, चपला खालीच काढून जिन्यानं या." मालक अनवाणी तीन मजले चढला. जिन्यात कोणाच्या लसणाची सालं, कोणाची माती, एका पोराचं सांडलेलं सरबत. वर आल्यावर हिनं त्याच्या पायावर पाणी घातलं. पाणी काळं वाहिलं. ती म्हणाली, "किती हो दमला," बस, एवढंच.

आणि जिन्यातला दिवा. त्याचं जेवण मी मरेपर्यंत विसरणार नाही. हिच्या भावानं उजनी धरणातली चिलापी मासळी पाठवली होती. चिलापी चवीला झकास, पण काट्याला वाईट, भर उजेडात खाताना माणूस गप्प बसतो. हिनं ताट घरात वाढलंच नाही. "आत उकडतंय, जिन्यात वारा हाय," म्हणून आमच्या दारापुढं अंधारात पाट मांडला. मालक बोटानं चाचपून काटे काढतोय, तोंडात घालतोय, थांबतोय, पुन्हा बोट घालतोय. सुनंदा खालच्या मजल्यावर तोंडात पदर कोंबून उभी होती.

"काकू, बॅटरी हाय का?" मालकानं विचारलं.

"हाय की. पण किडं येतील उजेडाला. तुमी खावा निवांत."

दिवा लागला.

तेव्हापासनं अख्ख्या बिल्डिंगला कळलं. हौसाच्या घरातनं फोडणीचा वास आला की बायका खिडकीत येऊन विचारायच्या, "काकू, आज काय बंद पडलं?" सरांनीसुद्धा ग्रुपवर लिहायचं कमी केलं आणि हिला येऊन सांगायला लागले, "वहिनी, टाकीचं झाकण फुटलंय, बघा काही करता आलं तर." मालकाला जिन्यात हौसा दिसली की तो आधी विचारायचा, "काकू, काय करताय उद्या?" ती म्हणायची, "अजून ठरवलं न्हाय."

मला हे काही पटायचं नाही. मी सांगायचो, "ज्येनं गुडघं मोडलं त्येला तूप वाढती. तोंडानं सांगायला तुला काय झालं?" ती हसायची. तिचं एक आणखी होतं. लिफ्टसाठी एवढा घाट घातला, पण स्वतः कधी लिफ्टमधे पाय ठेवला नाही. दार बंद झालं की जीव घाबरतो म्हणायची. मी लिफ्टनं वर यायचो आणि ती जिन्यानं, पिशवी घेऊन, माझ्या आधी. मी विचारलं, "मग लिफ्ट कुणासाठी मागितलीस?" तर माझ्या गुडघ्यावर थाप मारून पुढं गेली.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला पाहिजे होती. दुरुस्त केलेली वस्तू महिना-दोन महिने चालायची आणि पुन्हा बंद व्हायची. दिवा तर किती वेळा गेला. मी म्हणायचो, हा मालक निर्लज्ज आहे, एकदा जेवून समाधान होत नाही. हौसा म्हणायची, "त्येला तरी कोण हाय." मला वाटायचं ही नुसती बोलायचं म्हणून बोलते. तशी त्याची बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला असते, आई होती ती वारली. खाली एकटाच. दुपारी मेसचा डबा येतो, तो दाराबाहेर ठेवलेला असतो, कधी कधी संध्याकाळपर्यंत.

असो. तर हौसा गेली आणि आवतण तसंच राहिलं.

स्मशानातच भानुदास माझ्या कानाला लागला. "तात्या, ही येळ न्हाय, पण काकूंनी आज बोलावलं होतं. कशासाठी होतं?"

"मला काय ठावं," मी म्हटलं.

"पण सगळं चालू हाय की वो."

"ते मी बी तिला सांगितलं होतं."

गावाकडं जाऊन सगळं करून परत आलो, तरी हीच चर्चा. पोरगा म्हणत होता, "तात्या, आता हितं एकटं राहून काय करणार? चाकणला चला." मी म्हटलं, "येतो. पण तुझ्या आईची तक्रार राह्यलीया. ती मिटली की येतो." त्यानं विचारलं, "कसली तक्रार?" तेच तर मला माहीत नव्हतं. पण ती काहीतरी मागणार होती आणि ते न देताच खोली सोडून जायचं, हे मला जमणार नव्हतं. तिनं जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही. माझ्याकडंसुद्धा.

सगळी बिल्डिंग कामाला लागली. सुनंदानं विचारलं, "काय करणार होत्या काकू?"

"हुलगे निवडलं होतं."

"म्हंजे शेंगोळी. थंडीत दुसरं काय करणार?" तिनं डोळे बारीक केले. "शेंगोळं म्हंजे हुलग्याच्या पिठाचं हातानं वळलेलं वेटोळं, तात्या. काकूंचा रोख पायपावर असणार. मोरीचं पाणी तुंबतंय."

मालकाला कळलं. त्यानं माणसं बोलावून सगळ्या मोऱ्या साफ करून घेतल्या.

सर म्हणाले, "मला तसं वाटत नाही. हुलगा उष्ण. शेंगोळी गरम गरम खायची. घाम येतो. लिफ्टमधला पंखा फिरत नाही, त्याबद्दल असणार." मालकानं पंखा बसवला. मग कुणी म्हणालं, लसूण लागतो, म्हणजे वासाचं काहीतरी, म्हणजे कचऱ्याचा डबा. डबा आला, झाकणाचा. टाकीचं झाकण बदललं. कठड्याला रंग दिला. वॉचमनची खुर्चीसुद्धा परत आली, नवी, आणि चार दिवसांनी तिच्यावर वॉचमन आला. एवढ्या सोयी तर आम्ही राहायला आलो तेव्हाही नव्हत्या. लोक खूश होते. मी प्रत्येक वेळी घरात जाऊन तिच्या फोटोकडं बघायचो, हे होतं का? फोटोतनं काही कळायचं नाही. आधारकार्डावरचा फोटो मोठा करून घेतलाय, त्यात ती कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. ती कधी चिडायची नाही.

काल दुपारी भानुदास वर आला. जिन्यानं आला. दारात उभा राहिला, धापा टाकत.

"तात्या, आता माझ्याच्यानं हुईना. काय राह्यलंय तेवढं सांगा. झोप लागंना मला."

"मला सांगितलं असतं तर तुला कवाच सांगितलं असतं. बस."

तो बसला. खोलीभर बघितलं. मग म्हणाला, "सुनंदाताई म्हणत होत्या, शेंगोळी करणार होत्या. खरं का?"

मी हुलग्याचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं झाकण उघडलं. मूठभर हुलगे घेतले आणि परत डब्यात सोडले. पुन्हा मूठ भरली. मला वाटलं, आता हा कुठलं तरी नवीन दुरुस्तीचं काढतो.

"तुमी कळशी आणाय गेला होता बघा, ठेच्याच्या टायमाला," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यातनं पाणी वाहत होतं. काकूंनी इचारलं, आईच्या हातचं काय आवडायचं? मी म्हनलं, शेंगोळी. आई गेल्यापासनं खाल्ली न्हाईत. त्या म्हनल्या, बरं."

"आणि?"

"एवढंच. तेवढ्यात तुमी पाणी घेऊन आला."

"मग तक्रार?"

"तक्रार न्हवती बहुतेक."

मला काही उमजेना. "तक्रार न्हवती तर मग आवतण कशाला? आणि तुला जर हे ठाऊक हुतं तर मोऱ्या कशाला साफ केल्या?"

"मला वाटलं, त्या इसरल्या असतील. एवढी जुनी गोष्ट कोण ध्यानात ठेवतंय. मला वाटलं शेंगोळीची बी कायतरी शिक्षाच असणार." तो डब्याच्या झाकणाशी खेळत राहिला. "तात्या, एक सांगू का? रागावू नका. त्यो जिन्यातला दिवा. आवतण आलं त्याच दिवशी मी नवा दिवा आणून ठेवला हुता. घरात पडून हुता. म्हनलं, आधी जेवून घेऊ, मग लावू."

"अंधारात काटं खायाला?"

"झकास झालं हुतं वो मासं. मी दोनदा मागून घेतलं, ध्यानात असंल तुमच्या."

होतं माझ्या ध्यानात. मी त्याच्याकडं बघितलं. "आणि मग तो दिवा पुन्हा पुन्हा जायाचा त्यो?"

त्यानं मान खाली घातली. मी दुसऱ्यांदा विचारलं, तसं त्यानं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

मी चिडणारा माणूस आहे. हे आधी कळलं असतं तर त्याला जिन्यावरनं खाली लोटलं असतं. तीन मजले अंधारात आमची म्हातारी माणसं चढत होती आणि हा दिवा काढून घरात ठेवत होता. पण राग येईचना.  हिला हे कळलं होतं का? कळलं असणार. म्हणून तर सगळं चालू असताना बोलावलं. जेवायला यायचं असलं तर काही बंद पाडायची गरज नाही, असं त्याला सांगायचं होतं का? का तसं काहीच नव्हतं, थंडी पडली आणि तिलाच शेंगोळी खावीशी वाटली? मला ती आवडत नाहीत, मी कधी खात नाही. माझ्यापुरतं केलं असतं तर तिनं पिठलं केलं असतं. आणि हे मला सांगायला काय झालं होतं? एवढा संसार केला, एका ताटात हात घालून हुलगे निवडले आणि सांगितलं काय, तर खडा राह्यला तर त्येचा दात जाईल.

भानुदास उठला. दारात थांबून म्हणाला, "मग तुमी आता चाकणला जाणार?"

"तक्रार मिटली तर जायाचंच," मी म्हटलं.

तो गेला. जिन्यातनं त्याची पावलं उतरताना ऐकू येत होती. लिफ्ट चालू असताना.

आज सकाळी मी डबा काखोटीला मारला आणि गिरणीत गेलो. गिरणीवाल्या बाईनं डबा ओळखला आणि आधीचं दळण थांबवून माझं लावलं. पीठ गरम होतं. परत येताना वाटेत पोराचा फोन आला.

"तात्या, काय झालं? मिटली का आईची तक्रार?"

"न्हाय," मी म्हटलं. "येळ लागंल."

बिल्डिंगीत आलो. वॉचमन खुर्चीवरनं उठून उभा राहिला. मी भानुदासचं दार वाजवलं. तो बनियनवर बाहेर आला, माझ्या हातातला डबा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय बंद पडलं?"

"काय न्हाय. सगळं चालू हाय. दुपारी जेवाय ये."

 मला त्याच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी लिफ्टचं बटण दाबलं.

"आणि जेवायच्या टायमाला येऊ नको," मी म्हटलं. "लवकर ये. मला ती वळता येत न्हाईत."